माझ्या कानातला कापूस

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण या किश्शाच्या शेवटी मला काही हसू येत नाही.

मी राहुरीची, कालव्याकाठची. पाणी मागून प्यावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. लग्न करून आले जामखेडकडच्या कोरड्या गावात. माहेरी वहिनीचंही बाळंतपण त्याच वेळी आलं, म्हणून माझं सासरीच झालं. आणि सासूबाईंचा नियम असा, की बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये आणि पोटात पाणी जाऊ नये!

वाऱ्यापायी एका अख्ख्या उशीचा कापूस माझ्या कानांत गेला. वरून घट्ट स्कार्फ. पाण्याचं म्हणाल, तर ओवा घालून उकळलेला एक पेला. दिवसभरात! "पानी पिलं की प्वाट सुटतं," हे वर ऐकायचं. अहो, पोटाचं सोडा, मला दूध येईना! पोरगी रडून रडून काळीनिळी व्हायची आणि वजन काही हलायचं नाही.

अशात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आयांचा गट सुरू केला. एकेकीने तपासून घेऊन निघून जायचं नाही. सगळ्यांनी लेकरं घेऊन गोल बसायचं, एकमेकींच्या बाळांची वजनं करायची आणि काय दुखतंखुपतं ते मोकळेपणी बोलायचं. सासवांनी बाहेर लिंबाखाली थांबायचं. "गोलातलं गोलातच राहील," असं नर्सबाईंनी शपथेवर सांगितलं. शेजारी बसलेल्या सुरेखाने तर स्कार्फ अन् कापूस सरकवून माझ्या कानाशी सांगून टाकलं, की तिचं अजून अंगावरून जातंय आणि सासू खुरपायला नेते.

पोरीचं वजन पुन्हा तेवढंच भरलं आणि माझा बांध फुटला. त्या वेळी सगळी लेकरं एका सुरात रडत होती, म्हणून मी आवाज चढवला. चढवायलाच हवा ना? मग एकेक लेकरू पदराखाली गेलं, खोलीत सामसूम झाली. मला कुठलं कळायला? कानात पुन्हा उशी!

"नर्सबाई, तहानेनं जीव चाललाय माझा! दावणीच्या गाईला तरी दोन वेळा पाणी दाखवतात हो! आमच्या सासूबाईंना कळतच नाही!"

नर्सबाई हाताने खाली-खाली करत होत्या. मला वाटलं, धीर धर म्हणतायत. मला आणखीच भरून आलं. सुरेखा माझा पदर ओढायला लागली. मला वाटलं, माझंही सांग म्हणतेय.

"आणि या सुरेखाचं बघा! हिचं अंगावरून थांबेना, अन् सासू हिला उन्हातान्हात खुरपायला नेते!"

खिडकी उघडी होती. गजांपलीकडे लिंबाखालच्या झाडून सगळ्या सासवा उभ्या होत्या.

सुरेखाच्या सासूने आत येऊन तिचं बाळ उचललं आणि चालायला लागली. मागोमाग सुरेखा. आमच्या सासूबाई माझ्या पुढे तरातरा घराकडे निघाल्या. घरी आल्यावर मला खाली बसवलं, स्कार्फ सोडला आणि कानातला कापूस स्वतःच्या हाताने काढला.

"समद्या गावाला ऐकवलंस, आता माजं ऐक. उसाच्या फडात बाळंत झाले तवा मला कुनी पानी इचारलं न्हाई. मला वाटलं, आसंच आसतंय." भरलेली कळशी त्यांनी माझ्यासमोर दाणकन आदळली. "पी!"

मी प्यायले. रडत रडत प्यायले. दूध आलं, पोरगी भरली. झालं की चांगलं, म्हणताय ना? थांबा.

पुढच्या बैठकीला सासवा लिंबाखाली थांबल्याच नाहीत. आत येऊन, सुनेच्या गुडघ्याला गुडघा लावून, गोलातच बसल्या. नर्सबाईंनी विचारलं, "सुरेखा, काही त्रास?"

"न्हाई बाई, काय बी न्हाई. लई झ्याक हाय," सासूने उत्तर दिलं. सुरेखाने मान वर केली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिच्याकडे बघत राहिले, पण तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आणि मी? पोटभर पाणी पिऊन आलेली मी, माझीही सासू गुडघ्याला टेकलेली. मीही गप्प बसले.

आता माझे कान अगदी मोकळे आहेत. त्या गोलात कुणी श्वास घेतला तरी मला ऐकू येतो. पण बोलतंय कोण?