आदल्या दिवशी हात लावायचा नाही

कॉटर्स वेल या आमच्या गावात पेट्रोलपंप एकच आणि तो माझा. माणसं येतात, पेट्रोल भरतात, पावसाबद्दल दोन शब्द बोलतात आणि वाटेला लागतात. लॉर्ना टीकल मात्र गाडी बंद केली की आधी बॉनेटवर तळवा ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग तेलाची कांडी काढून पुसायची, परत घालायची, परत काढायची. गाडी लावायची ती पंपावरच्या ठरलेल्या एकाच जागी, कारण जागा बदलली की उतार बदलतो आणि तेलाची पातळी खोटी दिसते. ती जागा कोणी अडवलेली असली तर ही बाहेर रस्त्यावर थांबून राहायची. मी एकदा म्हटलं, "तुझ्या नावाची पाटी लावू का इथे?" तर म्हणाली, "लाव." थट्टा तिच्या अंगाला लागतच नसे.

गाडी म्हणजे फिकट पिवळी स्टेशन वॅगन, सहा लाख बारा हजार किलोमीटर पळलेली. जिथे ती बनली तो कारखानासुद्धा बंद होऊन जमाना झाला. लॉर्नाचा नवरा क्लेम हा कौन्सिलचा मेकॅनिक. रस्ते सपाट करणारी यंत्रं त्याने चाळीस वर्षं चालती ठेवली आणि फावल्या वेळात ही गाडी. मग साखरेने त्याची मूत्रपिंडं खाल्ली आणि बोटंही बधिर केली. डायलिसिसचं मशीन पोर्ट ऑगस्टाला, इथून एकशे नव्वद किलोमीटर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तोवर लॉर्नाला गाडीतलं एवढंच माहीत होतं की पेट्रोलचं झाकण डावीकडे असतं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बाई पान्हे ओळखायला शिकली. क्लेम शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि सांगायचा, ती करायची. हात तिचे, कान त्याचे.

नवी गाडी घे, असं अर्ध्या गावाने तिला सांगून पाहिलं. त्यात मीही होते. तिने एकदाच उत्तर दिलं. "नवी कुठे आणि कशी बंद पडेल ते मला माहीत नाही. हिचं माहीत आहे."

पण माहीत असणं म्हणजे निवांत असणं नव्हे. रोज रात्री ती गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायची आणि पहाटे विजेरी घेऊन त्यावरचे थेंब बघायची. काळा डाग कालच्याएवढाच असला तर चहा गोड लागायचा. हिरवा ठिपका, म्हणजे रेडिएटरचं पाणी, दिसला की संपलंच, चहा तसाच निवून जायचा. गाडीत मागे पट्टा, फ्यूज, तार, चिकटपट्टी आणि टाकीतल्या पावसाच्या पाण्याचे दोन कॅन. बोअरचं पाणी ती गाडीला कधी पाजायची नाही. त्या खारट पाण्याने आमच्या किटल्यांचं काय होतं ते इथल्या प्रत्येक घरात दिसतं.

क्लेमचा नियम एकच होता आणि तो त्याने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता: आदल्या दिवशी हात लावायचा नाही. म्हणजे रविवार, मंगळवार, गुरुवार वर्ज्य; काय दुरुस्ती करायची ती शनिवारी सकाळी, आणि लगेच गाडी गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत दोन फेऱ्या मारून आणायची. कुठे चूक झाली असेल तर ती घरापाशी कळावी, माळावर नव्हे. चार वर्षांत लॉर्नाने हा नियम एकदाच मोडला, गेल्या जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात. दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीत होते.

त्या आठवड्यात तीन दिवस पाऊस झाला आणि गुरुवारी रात्री बोन क्रीकचा ओढा रस्त्यावरून वाहू लागला. शुक्रवारी रस्ता बंद. शनिवारी बंद. म्हणजे बुधवारनंतर क्लेम मशीनवर गेलाच नव्हता. शरीरातलं पाणी बाहेर पडायला त्याला दुसरी वाट नाही. फोनवर नर्सने बजावलं: दिवसाला अर्धा लिटरच पाणी, केळं नाही, बटाटा नाही, सोमवारी सगळ्यांत आधी तुमचा नंबर. आणि श्वास लागला, आडवं होता येईना, तर एक मिनिट न थांबता फ्लाइंग डॉक्टरचं विमान बोलवा.

विमानाचं नाव काढलं की क्लेम भिंतीकडे बघायचा. त्याचे दोन दोस्त गावच्या धावपट्टीवरून विमानात चढले होते. परत आले ते पेटीतून. तेव्हा लॉर्नाने कितीदाही विचारलं तरी त्याचं एकच, "मी ठीक आहे. तू गाडी बघ."

तिने गाडी बघितली. रविवारी दुपारी रस्ता खुला झाल्याचं कळलं तेव्हा ती दिवसातून पाचव्यांदा बॉनेट उघडून उभी होती. रेडिएटरची वरची रबरी नळी तिने चिमटीत दाबली. मऊ लागली. पुन्हा दाबली. आणखी मऊ लागली. आता मला विचाराल तर भीतीने दाबलेली कुठलीही नळी मऊच लागते. पण तिच्या डोळ्यांपुढे उद्याचा रस्ता, फुटलेली नळी आणि सुजलेल्या पायांचा क्लेम. नवी नळी चार वर्षं फळीवर पडून होती. क्लेम त्याच्या खोलीत पडला असेल असं धरून तिने ती बदलली.

नळी बदलली की रेडिएटरमध्ये हवा अडकते. ती काढायला झाकण उघडं ठेवून इंजिन अर्धा तास चालू ठेवावं लागतं. हे तिला पाठ होतं. पण इंजिन सुरू केलं असतं तर क्लेमला ऐकू गेलं असतं, आणि त्याला सांगायचं नव्हतं. ती काठोकाठ पाणी भरून, झाकण लावून मोकळी झाली. बॉनेट हलकेच सोडायला गेली तर हातातून निसटलं. ती दहा मिनिटं तिथेच कानोसा घेत उभी राहिली. घरातून काही आवाज आला नाही.

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. सोमवारी पहाटे पाचला मी तिच्या मागच्या सीटवर बसले ते माझ्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी. डोळ्यांत थेंब घातल्यावर मला गाडी चालवता येत नाही म्हणून. क्लेम पुढे बसलेला, घोंगडी पांघरून. पायांवर सूज एवढी की सपाता मागून कापून घातलेल्या. तोंड कोरडं पडलेलं, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. त्याने मला "काय विनी, मरायला सोबत हवी होती का?" असं विचारलं आणि स्वतःच हसायला जाऊन खोकला. लॉर्ना हसली नाही.

बाहेर दहिवर पडलेलं, हीटर पूर्ण लावलेला. लॉर्ना स्टिअरिंगला चिकटून बसली होती. ती रेडिओ कधी लावत नसे, आवाज ऐकू यावेत म्हणून. दर थोड्या वेळाने तिचे डोळे तापमानाच्या काट्यावर जायचे. बोन क्रीकवर चिखल होता पण पाणी नव्हतं. तिथे ती जरा सैल झाली. मी थर्मासमधला चहा काढला, मग क्लेमची नजर माझ्या कपावर गेली आणि मी झाकण परत लावून टाकलं.

शंभरेक किलोमीटर झाले असतील. मला माझी बोटं कळेनाशी झाली. मी म्हटलं, "अगं, हीटर बंद केलास का? गारठले मी."

"चालू आहे," लॉर्ना म्हणाली. "आणि काटाही खाली आहे. रोजच्यापेक्षा खालीच आहे." तिच्या आवाजात समाधान होतं.

क्लेमने घोंगडीतून हात काढून हीटरच्या जाळीपुढे धरला. बोटं बधिर, म्हणून मग त्याने पुढे वाकून गाल लावला. वाकताना त्याला धाप लागली. "थांबव," तो म्हणाला. "लॉर्ना, आत्ता थांबव."

मला गाडीतलं काही कळत नाही, पण ती कशी वळली ते मी मागून पाहिलं. तिला एका क्षणात कळलं होतं. हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं; तो गार म्हणजे त्यात पाणीच पोचत नाही, सगळी हवा. आणि काटा खाली, कारण तो पाण्याची उष्णता मोजतो आणि त्याच्याजवळ मोजायला पाणी उरलेलं नाही. इंजिन कोरडं तापत होतं आणि ती त्याच्यावर खूश होती.

अडकलेली हवा वर यावी म्हणून गाडी चढावर, तोंड वर करून उभी केली. आजूबाजूला करड्या झुडपांचा माळ आणि लांबवर दोन इमू. फोनला रेंज नाही. रस्ता नुकताच खुला झालेला, म्हणून एकही गाडी येईना. बॉनेटखालून गोडसर, जळका वास येत होता आणि झाकण उघडायचं तर इंजिन निवायला हवं होतं. आम्ही चाळीस मिनिटं नुसते थांबलो. त्या चाळीस मिनिटांत क्लेमचे ओठ मला निळसर वाटले, पण माझ्या डोळ्यांचा काय भरवसा, म्हणून मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. मला आजही त्याची लाज वाटते.

लॉर्ना त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "मी काल नळी बदलली," ती म्हणाली. "हवा काढली नाही. तुला कळू नये म्हणून."

"माहीत आहे," क्लेम म्हणाला. "बॉनेट पडलेलं ऐकलं मी."

"तू झोपला होतास."

क्लेमने नजर माळाकडे वळवली. म्हणाला, "इंजिनचा आवाज नाही आला. वाटलं, मधे मला डुलकी लागली असेल, तेवढ्यात तू हवा काढली असशील." मग त्याने सपाता सारखी केली. "ती जुनी नळी गेलेलीच होती बहुतेक. महिन्यापूर्वी दाबून बघितली. बोटांना काही कळेना. कळत नाही हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

तिने कपाळ दाराच्या चौकटीला टेकलं. मग झाकणावर फडकं टाकून ते हळूहळू उघडलं.

क्लेम खाली उतरला, मी गाडीतून काढून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर बसला आणि शेडमध्ये सांगायचा तसा सांगू लागला. हळू ओत. थांब. आता सुरू कर. नळी दाब, सोड, दाब. आतून बुडबुडे येत होते, पाणी ढवळून खाली जात होतं आणि ती आणखी ओतत होती. एक कॅन संपला. दुसरा अर्धा झाला. सकाळच्या उन्हात स्वच्छ पावसाचं पाणी त्या काळ्या भोकात जात होतं आणि चार दिवस घोटाघोटाने मोजून पिणारा तो माणूस एकटक बघत होता.

"बघ की," तो मला म्हणाला, "हिच्यावर कोणाची बंदी नाही."

त्याने मान तिरकी केली. मला नुसती घरघर ऐकू येत होती. त्याला त्यात काय ते ऐकू आलं. "आता हीटरला हात लाव," तो म्हणाला. लॉर्नाने लावला. गरम हवा येत होती. ती तशीच जाळीवर हात ठेवून रडली, आवाज न करता, आणि मग उलट्या हाताने नाक पुसून गाडीत बसली.

साडेसातची वेळ होती, आम्ही नऊला पोचलो. इंजिन शाबूत होतं. क्लेमला चाकाच्या खुर्चीत घालून आत नेलं, वजन केलं, नळ्या जोडल्या. मशीन फिरू लागलं तेव्हा लॉर्नाने चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. तेवढ्यात नर्स वही घेऊन आली आणि साधेपणाने तिने विचारलं, "क्लेम, रात्री आडवं होता येत होतं का?"

क्लेमने लॉर्नाकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "शनिवारपासून नाही," तो म्हणाला. "खिडकीशी खुर्चीत बसून होतो. आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं."

नर्स लॉर्नावर रागावली नाही. लिहून घेऊन निघून गेली. लॉर्ना मात्र जागची हलली नाही. त्या घरात या दोघांच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत आहे. दोन रात्री ती भिंतीच्या या बाजूला गाडीचा विचार करत जागी होती आणि पलीकडे तिचा नवरा श्वासासाठी झगडत होता.

"मला पट्ट्याची चूं ऐकू येते," ती मला म्हणाली. "बेअरिंग जायच्या महिनाभर आधी ऐकू येतं. विनी, मला हे कसं ऐकू आलं नाही?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

त्या दिवशी मशीनने चार लिटर पाणी काढलं. एका दमात त्याहून जास्त काढत नाहीत, उरलेलं उद्या, असं म्हणाले. म्हणून आम्ही मोटेलात राहिलो. संध्याकाळी लॉर्ना गाडीजवळ उभी होती. नळीवरची नवी क्लिप घट्ट आहे का बघायला तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते कोटाच्या खिशातून काढले नाहीत. उद्या जायचं होतं ना.

मंगळवारी दुपारी परत निघालो. क्लेमचे ओठ ओठांसारखे दिसत होते. त्याला आता सीट मागे पाडून आडवं होता आलं आणि वाटेतलं क्वॉर्न गाव यायच्या आतच त्याचा डोळा लागला. हीटर गरम होता. लॉर्ना नेहमीसारखी मान एका बाजूला कलती करून, कान लावून चालवत होती. मी पुढच्या सीटकडे वाकले.

"काय झालं?" मी विचारलं. "कसला आवाज येतोय गाडीचा?"

"गाडीचा नाही," ती म्हणाली. "तू जरा गप्प बस. मला ऐकू दे."