बांधावर मी नव्हते

हे मी आजवर कुणापुढेच बोललेले नाही. आईपुढे नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींपुढे नाही, आणि जिच्यापुढे बोलायला हवं होतं तिच्यापुढे तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतेय — माहीत नाही. तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही, एवढंच कारण असेल. लिहायला बसल्यापासून दोनदा उठले. एकदा चहा केला, तो तसाच गार झाला. मग उगाचच कपाट आवरलं. माझं हे असंच आहे. मुद्दा जवळ आला की मला कपाट आठवतं.

तर — मी पब्लिक पॉलिसी शिकले. बारावीनंतर थेट तीच डिग्री. पेणला आमच्या घरी हा शब्द पहिल्यांदा काढला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाबा शिक्षक, आत्या शिक्षिका, काका वकील, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक डिग्रीबद्दल मत. आत्याने विचारलं, म्हणजे पुढे कलेक्टर का? नाही म्हटल्यावर तिचा रसच संपला. मी मात्र हिरिरीने समजावत होते. सरकार नियम कसे करतं, ते कुणाच्या उपयोगी पडतात, कुणाला वगळून पुढे जातात, हे शिकायचं असतं वगैरे. मला बोलता फार छान येतं. सगळे म्हणतात. बोलण्याच्या जोरावरच मी इथवर आले, आणि हे कौतुकाने सांगत नाहीये.

कॉलेज पुण्याच्या पलीकडे. तिथे गावाकडच्या मुलींसाठी दर वर्षी मोजक्या जागा असायच्या. पेण तालुक्याचं गाव, त्यामुळे कागदावर मीही गावाकडचीच. त्या जागेसाठी एक निबंध लिहायचा होता — स्वतः भोगलेला एखादा सार्वजनिक प्रश्न. 'स्वतः' हा शब्द ठळक छापलेला. आता मी काय भोगलं होतं? वडखळच्या नाक्यावर तासभर अडकलेली गाडी? तीही काकांची, काचा वर, हातात चिप्सचं पाकीट. मी हायवेच्या खड्ड्यांवर दोन पानं लिहिली आणि वाचून मलाच जांभई आली.

आणि प्रणाली होती.

प्रणाली माझ्या शेजारी बसायची, अकरावी-बारावी दोन्ही वर्षं. तिचं गाव वडखळच्या पुढे, धरमतर खाडीच्या अंगाला. वडील डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, कधी या शिफ्टला तर कधी त्या. घरी भातशेती, पण खाडीला लागून. मध्ये एक मातीचा बांध, तो धड तोवर भात. शनिवारी ती आमच्याकडे इंग्रजी शिकायला यायची. मी शिकवायचे. आई तिला पोहे द्यायची आणि ती गेल्यावर म्हणायची, पोरगी हुशार आहे हो, नाहीतर तू. अशाच एका दुपारी, आमच्या गच्चीत, तिने मला ती गोष्ट सांगितली. फार मोठं काही सांगतेय असा आव नव्हता. पायावरचा एक जुना व्रण मी बघितला आणि विचारलं, म्हणून सांगितली.

ती तेरा वर्षांची असताना उधाणात त्यांच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला आणि खारं पाणी शेतात घुसायला लागलं. अशा वेळी गावात दवंडीसारखी हाक फिरते आणि घरटी एक माणूस बांधावर जातो. हा गावाचा नियम, सरकारचा नाही. ज्या घरचा माणूस आला नाही त्या घराचं नाव बैठकीत सगळ्यांसमोर घेतात, आणि ते फार लागतं म्हणे लोकांना. तिचे वडील शिफ्टला, आई बाळंतीण. म्हणून ही गेली. फावडं घेऊन, शाळेच्या स्कर्टवर. तिथे मोजणी करणाऱ्या म्हाताऱ्याने हिला बघून सांगितलं, बाईमाणूस अर्धं धरायचं, तुमच्या घरचं अर्धं माणूस कमी पडतंय. आणि ती तेरा वर्षांची पोर, सगळ्या गावासमोर त्याला म्हणाली, "मग आमच्या शेतात पानी अर्धंच येतं काय?"

त्यावर म्हातारा काय म्हणाला हे मी विचारलं. काय नाय, ती म्हणाली, चिखल टाकाया लागलो सगळी. पाय कशावर कापला ते तिलाही आठवत नव्हतं.

तुम्हाला कळलंच असेल. हो, मी तेच लिहिलं. मी गेले, माझं फावडं, माझा पाय, मी म्हाताऱ्याला म्हणाले. आमच्या आजोबांची त्या बाजूला कधीकाळी जमीन होती, तेवढ्या आधाराने मी एक अख्खं गाव स्वतःला लावून घेतलं. निबंध एका बैठकीत लिहून झाला. लाज वाटली का? खरं सांगू — आनंद वाटला. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं. मुलाखतीला मॅडमनी ते अर्ध्या पाण्याचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मी खाली मान घालून बसले. खाली मान घालणंसुद्धा त्या नाटकात छान बसलं.

प्रणालीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने तेव्हा अर्ज केलाच नाही. घरून एवढ्या लांब पाठवायला तयार नव्हते. ती रोह्याला मामाकडे राहून बी.एस्सी.ला लागली. मी सुट्टीत पेणला आले की भेटायची आणि मला खोदून खोदून विचारायची, काय शिकवतात तुम्हाला. मी सांगायचे, एखादा नियम केला की पहिला प्रश्न हा विचारायचा, यात मोजलं कुणाला जातंय. ती ऐकत राहायची. "असं शिकाया मिळतं व्हय?" म्हणाली एकदा. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. कारण वर्गात ते मोजण्याचं उदाहरण सगळे माझं म्हणून द्यायचे. पहिल्या वर्षापासून मी तिथे 'बांधावरची मुलगी' होते. चर्चा अडली की सर माझ्याकडे वळायचे — तू सांग, तू हे जगली आहेस. आणि मी सांगायचे! दर वेळी थोडं वाढवून.

थांबा, उठून येते.

चोरी केली हे कबूल करायला ही बया बसली आहे, असं वाटलं असेल तुम्हाला. ती केलीच. पण एवढंच असतं तर कदाचित मी ते कधीतरी हसत हसत सांगूनही टाकलं असतं, वयच तसं होतं म्हणून. त्यापुढचं आहे.

प्रणालीने पुढच्या वर्षी अर्ज केला. घरच्यांशी भांडून, बी.एस्सी.चं वर्ष सोडायची तयारी ठेवून. मला तिने सांगितलं नाही. निवड झाली की थेट येऊन उभी राहणार होती, मला चकित करायला. निबंधात तिने काय लिहिलं असेल? जे तिच्या बाबतीत घडलं तेच.

मुलाखतीतल्या त्याच मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन निबंध शेजारी शेजारी. एक माझा, एक तिचा. तिचं इंग्रजी मीच शिकवलेलं, त्यामुळे वाक्यंसुद्धा बहिणी-बहिणींसारखी. मॅडम चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, हिला ओळखतेस का. मी हो म्हटलं. मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. माझ्या निबंधात आम्ही भर भरतीत, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून बांध घालत होतो. तिच्या निबंधात ओहोटीला. यातलं बरोबर काय, त्या म्हणाल्या.

खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल की भरतीत फुटक्या बांधावर कुणी पाय ठेवत नाही. ओहोटी लागली की धावायचं आणि पाणी परतायच्या आत खांड बुजवायची, सगळी घाई त्याचीच असते. प्रणालीने मला ते सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला माहीत असतं ते कोण सांगतं? आणि मी पेणच्या गच्चीत बसून, जास्त भारी वाटेल म्हणून, भरती लिहिली होती. म्हणजे खरी कोण हे त्या एका शब्दात उघड होतं. समोर होतं. मॅडमना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी सांगितलं. मी म्हटलं, "मॅडम, ती आमच्या घरी यायची, माझा निबंध वाचला असेल तिने. तसाच्या तसा दिसू नये म्हणून तेवढं बदललंय."

एका दमात म्हटलं. अडखळलेसुद्धा नाही. त्यांनी मान हलवली, वाईट वाटतं म्हणाल्या, आणि मला वर्गात परत पाठवलं. मला पाच मिनिटं विचार करायला मिळाली असती तर मी खरं बोलले असते का? नाही. हे मी स्वतःला शंभर वेळा विचारून बघितलंय. नाही.

तिला पत्र गेलं की तुमचा निबंध आधीच्या एका विद्यार्थिनीच्या निबंधाशी जुळतो, त्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही. तिच्या गावात, मामाच्या घरी, सगळीकडे एवढंच कळलं की हिने कॉपी केली. वडील तिच्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. आता ती रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, शिफ्टने जाते, मला वाढदिवसाला न चुकता फोन करते. मी मुंबईत एका संस्थेत अहवाल लिहिते. गावोगावी जाऊन तिथल्या बायकांचं म्हणणं टिपून घेण्याचं प्रशिक्षण नव्या मुलांना मीच देते. त्यांचे शब्द त्यांचेच ठेवा, असं सांगते. माझा आवाज कापत नाही.

एक उरलंय. ते सांगण्यासाठीच तर बसले होते.

ते पत्र आलं त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत तिने मला रोह्याला बोलावून घेतलं. भर दुपारी कुंडलिकेच्या काठी एका बाकावर बसलो. तिने मोबाइलवर ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, संपलं, हिला सगळं कळलंय. आणि खरं सांगते, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता ती बोलेल, मी ऐकून घेईन, आणि हे एकदाचं मिटेल.

ती रडत होती. म्हणाली, आपण बांधाबद्दल किती वेळा बोललो, तूही तुझ्या निबंधात बांधाचा प्रश्न घेतला असशील, ते माझ्या ध्यानातच आलं नाय. तुझ्याकडून शिकता शिकता तुझीच वाक्यं माझ्या डोक्यात बसली असतील. मुद्दाम नाय केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यामुळे तुला तिकडं काय काय ऐकावं लागलं असेल. मला माफ कर गो."

मी तिचा हात धरला. असू दे, होतं असं, म्हटलं. तिचे डोळे पुसले.

मी तिला माफ केलं.