जर्मन प्रोफेसराचे छापील कागद

हसणार नसाल तर सांगतो. त्या प्रकरणानं माझं डोकं अजून तापतंय!

महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापुरात शाळामास्तर. जर्मनीतल्या एका प्रोफेसरानं आमच्या बोलीचा कोश करायला घेतला आणि हेडमास्तरांमार्फत मला गाठलं. हेडमास्तर म्हणाले, "परदेशी विद्वानाशी जोडी जमली की दोघांचंही भलं होतं, मास्तर."

भलं? तीन वर्षं मी बाजारात, पाणवठ्यावर, पार शाहूवाडीच्या भातखाचरांत चिखल तुडवत शब्द गोळा केले. बायका विचारायच्या, "पावणं, काय हरिवलंय काय?"

शेवटी आगबोटीच्या टपालानं छापील कागद आले. बघितले आणि तळपायाची आग मस्तकात! ‘कोरड्यास’ म्हणजे म्हणे दुष्काळ! अहो, भाकरीबरोबरचं कालवण ते! ‘वाकळ’ म्हणजे कावळा! आमची पांघरायची गोधडी त्यानं झाडावर नेऊन बसवली! आणि असल्या पुस्तकावर माझं नाव?

कडेला कोरी जागा भरपूर होती. लाल शाई घेतली. प्रत्येक चुकीशेजारी खरा अर्थ लिहिला आणि अर्थाशेजारी शिवी! "आरं बेण्या, दुष्काळ तुझ्या अकलंत पडलाय!" "रेड्या, कावळा पांघरून झोपतोस व्हय रं?" शिव्या-धमक्यांनी सगळा गठ्ठा रंगवला आणि त्याच दिवशी परत धाडला.

टपालकचेरीतून येताना हसनभाई भेटले. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेलेली. मी तावातावानं सगळं सांगितलं.

"मास्तर, कडंला जागा किती हुती?"

"चांगली चार बोटं!"

"मग ते पुस्तक न्हवंच की! कच्ची छपाई ती. तुम्ही चुका दुरुस्त कराव्या म्हणून धाडलेली!"

"मग तसं लिहाय काय झालतं त्या गाढवाला?"

"संगं चिठ्ठी न्हवती व्हय?"

होती. रागाच्या भरात मी ती फोडलीच नव्हती!

लगेच माफीचं पत्र टाकलं. प्रोफेसराचं उत्तर आलं, अगदी शुद्ध मराठीत: "आपली भर अमूल्य आहे. एकही अक्षर वगळलेले नाही." मी म्हटलं, चला, मनाचा मोठा निघाला. मूर्ख मी!

वर्षभरानं कोश आला. हेडमास्तरांनी शाळेत सगळ्यांसमोर उघडला. अर्थ एकूण एक बरोबर! मग ते मोठ्यानं वाचू लागले, "बेणं. हलकट माणूस. उदाहरण: आरं बेण्या, दुष्काळ तुझ्या..."

आणि खाली बोलणाऱ्याचं नाव. माझं! पूर्ण, हुद्द्यासकट!

मास्तर मंडळी बाकांवर लोळायला लागली. माझा तोल गेला. "त्या मुडद्याला कोल्हापुरात येऊ दे, तंगडंच मोडतो!"

हेडमास्तरांनी शांतपणे पानं उलटली.

"हेही वाक्य आहे, मास्तर. पान दोनशे सात."