भोंग्याचे दोन दात

भोंगा कोर्टाच्या जिन्यात बसून रुमालाने ट्रम्पेट घासत होता आणि त्याची बायको त्याला वाईट वाजवायची ताकीद देत होती.

"अहो, सूर धरू नका. नुसतं फुस्स करा. जमेल ना एवढं?"

"अगं, आत माणसं बसलीयत."

"बसू देत की! तिकीट काढून आलीयत का?"

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतोय, म्हणून भोंगा. लग्न असो, उद्घाटन असो, नाहीतर कोणी निवडणूक जिंकलेली असो, हा सगळ्यात पुढे. फर्निचरच्या त्या शोरूमच्या उद्घाटनालाही पुढेच होता. मालकाने फीत कापली, टाळ्या पडल्या आणि वरून पाटी पडली. ट्रम्पेट तोंडातच होतं. वरचे समोरचे दोन दात तिथल्या तिथे गेले. मालक धावत आला, तो पाटी उचलायला.

दात नाहीत तर ओठाला आतून टेकू नाही, आणि टेकू नाही तर सूर नाही. बँडमास्तरने दोन-चार कार्यक्रम सांभाळून घेतलं, मग निरोप पाठवायचंच बंद केलं.

गल्लीत मात्र ज्याला त्याला कायदा फुटला. इस्त्रीवाला म्हणाला, "इतके महिने झाले, आता कसली केस?" न्हावी म्हणाला, "दातांना कोण विचारतं? हात तुटला असता तर गोष्ट वेगळी होती." जसं काही भोंग्यानेच हात तोडायचा कंटाळा केला. आणि मालकाचा निरोप आला, "पाटीखाली उभं राहायला कोणी सांगितलं होतं?" सांगितलं मालकानेच होतं. फोटोत पाटी आणि बँड दोन्ही यावेत म्हणून.

शेवटी बायकोने एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी सरळ सांगितलं, मुदत गेलेली नाही. पाटी नीट लावणं दुकानाचं काम. त्यात तुमची थोडी चूक निघाली तरी तेवढाच हिस्सा कापला जाईल, सगळं बुडत नाही. दवाखान्याचा खर्च मिळेल. पण खरी लढाई आहे ती बुडालेल्या कमाईची. ती मिळाली तर भोंग्याचं पुढचं आयुष्य निघेल. नाही मिळाली तर बायकोची शिलाई, आणि त्यावर दोघं.

दुकानाच्या विमा कंपनीचा वकील भलताच गोड. म्हणाला, "दात गेले, मान्य. पण वाजवणंही गेलं कशावरून?" म्हणून आज जजसाहेबांसमोर वाजवून दाखवायचं होतं.

आत जाताना वकीलबाई म्हणाल्या, "काका, जसं येतं तसंच वाजवा. मुद्दाम वाईट नको, मुद्दाम चांगलं नको."

"काय वाजवू?" भोंग्याने उभं राहून विचारलं.

"काहीही. तुमच्या आवडीचं," कंपनीचा वकील हसत म्हणाला. साहेबांनीही मान हलवली.

भोंग्याने समोर पाहिलं. बाकांवर आपापल्या केसेस घेऊन आलेले लोक. पायाला प्लास्टर घातलेली एक बाई सरकून नीट बसली. शिपायाने दार उघडंच ठेवलं, तर बाहेरचेही चार जण आत डोकावले. झालं! सगळं तिथेच बिघडलं. गर्दीसमोर ह्या माणसाला बेसूर वाजवायला सांगणं म्हणजे न्हाव्याला अर्धीच दाढी करून गिऱ्हाईक सोडायला सांगणं.

ट्रम्पेट त्याने ओठाच्या कोपऱ्यात धरलं आणि एक संथ गाणं असं काही काढलं की टायपिस्टची बोटं थांबली. शोरूमचा मालक तर मान डोलवायला लागला. शेवटचा सूर लांबवून भोंग्याने ट्रम्पेट खाली घेतलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली. बायकोने कपाळावर हात मारला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," कंपनीचा वकील म्हणाला.

वकीलबाई घाईने उठल्या. "काका, वाजवताना त्रास झाला ना?"

"छे!"

"पण आधीसारखं वाजत नाही ना आता?"

"तुम्हीच सांगा," भोंगा छाती काढून म्हणाला, "कसं वाटलं?"

जिना उतरताना तो बायकोला हळूच म्हणाला, "शेवटचा सूर ऐकलास?"

"ऐकला. रात्री तोच शिजवून वाढते."

निकाल लागला. दातांचे आणि औषधांचे पैसे मंजूर, कमाईचे नामंजूर. गल्लीने भोंग्याला वेड्यात काढलं. ज्यांना साधी शिट्टी वाजवता येत नाही, ते त्याला कसं वाजवायला नको होतं ते शिकवत होते.

बऱ्याच महिन्यांनी त्याच्या बायकोकडून कळलं. दात गेल्यापासून तो बाथरूमचं दार लावून रोज सराव करायचा, आणि एवढ्या सरावातून त्याला तेवढं एकच गाणं बसलं होतं. दुसरं कुठलंही वाजवायला सांगितलं असतं, तर त्याला पहिली ओळसुद्धा काढता आली नसती.