गिअरबॉक्सची पेटी
आमची जीप पवनानगर–कामशेत रस्त्यावर बरीच वर्षं प्रवासी वाहत होती. पुढे तिचा सांगाडा गंजला. गिअरबॉक्स मात्र ठणठणीत होता. माझ्या नवऱ्याने फोनवर फोटो पाठवून तो कोल्हापूरच्या एका गिऱ्हाईकाला विकला. नीट लाकडी पेटीत बांधून ट्रान्सपोर्टने पाठवायचा, एवढंच ठरलं होतं.

त्याने अंगणात एका दिवसात पेटी केली. पातळ प्लायवूड, चारी बाजूंनी पट्ट्या, भरपूर खिळे. दिसायला छान होती. ती टेम्पोत घालून तो तळेगावला गेला आणि दुपारी पेटीसकट परत आला. ट्रान्सपोर्टच्या हमालांनी उचलताच तळ सुटला आणि गिअरबॉक्स जमिनीवर आपटला होता. हमालाच्या पायावर पडायचा, तो थोडक्यात चुकला.

मी तेव्हा वराळ्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. आठ वर्षं झाली होती. मी तिथे नेमकं काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं.

तो पुन्हा त्याच तळाला खिळे मारू लागला, तेव्हा मी म्हणाले, "आवो, वजन खिळ्यांवर टाकू नका. तळ वेगळा करा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी रोज तेच करती."

त्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "सांग मग."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कंपन्यांचं मोडकं लाकूड विकणाऱ्याकडून आम्ही जाड फळ्या आणल्या. आधी गिअरबॉक्स तपासला. खरचटल्याच्या चार रेघा सोडल्या तर काही झालं नव्हतं. उरलेलं तेल काढलं, भोकांत चिंध्या कोंबल्या, वरून प्लास्टिक गुंडाळलं. खाली दोन जाड ठोकळे घेऊन त्यांवर फळ्या बसवल्या, म्हणजे माल उचलायच्या ट्रॉलीचे दांडे खाली सरकतात. गिअरबॉक्स फळ्यांवर ठेवून त्याच्याच कडेच्या भोकांतून बोल्ट आवळले.

"आता हलवून बघा," मी म्हणाले.

त्याने दोन्ही हातांनी धक्का दिला. "न्हाई हलत."

मग बाजू आणि झाकण. खिळ्यांऐवजी स्क्रू लावले. कोणती बाजू वर, ते बाणाने मीच रंगवलं. दिवसभर तो एका शब्दानेही भांडला नाही. फळी धर म्हटलं की धरत होता. मला ते जरा अवघडच वाटलं.

सोमवारी ट्रान्सपोर्टवाल्याने पेटी घेतली. चौथ्या दिवशी गिऱ्हाईकाचा फोन आला. माल सुखरूप पोचला होता. पेटी कुणाकडून करून घेतली, असं तो विचारत होता.

"कंपनीतलं माणूस हाय एक," नवरा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कुटलं माणूस?"

"तुज्याच कंपनीतलं," तो म्हणाला आणि हसला.

मला राग आला नाही, आनंदही फार झाला नाही. त्या रात्री जेवताना मात्र त्याने विचारलं, परदेशी जाणारा माल कसा बांधता? मी सांगत गेले. दमट हवेसाठी ओल शोषणाऱ्या पुड्या टाकतो, लाकूड भट्टीत तापवलेलं लागतं, त्यावर शिक्का असतो. मध्येच तो म्हणाला, "लाकूड कशाला तापवायचं?"

"किडे मरावेत म्हणून," मी म्हणाले आणि त्याला आणखी भात वाढला.