विटेचा चहा

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये किस्से मालासारखेच येतात. कुठून निघाले याचा पत्ता नसतो, पण एकदा उतरले की जागा अडवून बसतात! विटेच्या चहाचे किस्से तर अजून कोणी सोडवून नेलेच नाहीत.

मी तेव्हा तिथे बुकिंग क्लर्क होतो. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. थंडी आली की सीताबर्डीच्या फुटपाथवर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची. त्यांचे गठ्ठे आमच्या ट्रकनं यायचे आणि ते सोडवायला त्यांच्यातली पेमाबाई यायची. दोन-चार हिवाळ्यांत ती आमच्यासारखीच बोलायला लागली होती.

एकदा आमच्या वानखेडे मॅनेजरनी विचारलं, "स्वेटर टिकेल ना?"

"तुमच्या नातवाले बी पुरते साहेब, फिकर काहून करून राहिले?"

साहेबांचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं!

*

त्या वर्षी तिचा एक गठ्ठा उतरवताना फाटला. आतून काळी, जड वीट निघाली. वर चिनी अक्षरं उठवलेली. महादेव ड्रायव्हरनं ती नाकाशी नेली. धुराचा वास!

"गोवरी आहे गा! एवढ्या दुरून गोवरी मागवते का कोणी?"

पेमाबाईनं वीट हिसकावून छातीशी धरली. "चहा आहे! चीनचा. नेपाळकडून आला, माझ्या बाबासाठी."

वानखेडे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "चहाची वीट? मग साखरेची भिंत असेल!"

*

आमचा विश्वास बसेना, म्हणून तिनं सुरीनं एक कोपरा फोडला आणि गोडाऊनच्या स्टोव्हवर उकळत ठेवला. तिथे डिझेल, मिरचीची पोती, बारदाना असे शंभर वास. या वासानं सगळ्यांना बाजूला सारलं. पेंचच्या जंगलात शेकोटी विझवल्यावर येतो ना, तसा!

साखर नाहीच. मीठ आणि लोणी! पहिला घोट मी थुंकणारच होतो. दुसऱ्याला जिभेवर धूर बसला. मग घशात कुठूनसा गोडवा वर आला, आणि मी कपाकडे बघतच राहिलो.

आमचे रामटेके मुकादम चहा पिताना कधी गप्प बसत नसत. त्या दिवशी त्यांनी आधी कप रिकामा केला. मग हळूच म्हणाले, "चहा नाही पिलो गा. कुठंतरी जाऊन आलो."

*

वानखेडे साहेबांनी एक तुकडा खोलीवर नेला आणि दार लावून उकळला. थोड्या वेळानं घरमालक पाण्याची बादली घेऊन दारात!

साहेब म्हणाले, "आग नाही हो, चहा आहे. घेता का?"

घरमालकांनी बादली खाली ठेवली ती दोन कप पिऊनच उचलली.

*

पेमाबाईचे वडील धंतोलीच्या दवाखान्यात होते. ऑपरेशन झालेलं, पण म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. पाणीसुद्धा घेईना. डॉक्टर म्हणाले, "जे मागतील ते पाजा." तो काही मागतच नव्हता.

रविवारी पेमाबाईनं गोडाऊनमध्ये चहा उकळून थर्मासमध्ये भरला. महादेव तिला गाडीनं घेऊन निघाला. मी आणि मुकादमही चढलो. वाटेत ती म्हणाली, "बाबा जवानीत ह्याच विटा आणत होता. खेचरांवर लादून, बर्फाच्या घाटातून."

आम्ही ट्रान्सपोर्टवाले. एकमेकांकडे बघितलं.

वॉर्डात थर्मास उघडला. शेजारचा पेशंट उठून बसला. "काही जळून राहिलं का?"

म्हाताऱ्यानं मान वळवली. काहीतरी विचारलं.

"माल कोणी आणला, म्हणते," पेमाबाई म्हणाली आणि तिनं महादेवकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्याला उठवून बसवलं. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला. पण ओठाला लावला नाही. महादेवपुढे केला आणि काहीतरी बोलला.

"ज्यानं माल आणला त्यानं आधी प्यायचं. मग घरच्यांनी," पेमाबाईनं सांगितलं.

एवढा दांडगा महादेव! त्यानं चपला काढल्या. ओंजळीत घ्यावा तसा कप घेतला आणि एक घोट प्याला. म्हातारा बघत होता. मग त्यानं पुन्हा काहीतरी विचारलं.

पेमाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "विचारून राहिला... घाटात बर्फ होता का?"

महादेव आयुष्यात कधी बर्फाच्या घाटात गेला नव्हता. तो पलंगाजवळ खाली बसला.

"होता बाबा. लय होता. पण जनावरं सगळी पोहोचली."

तिनं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं कपासाठी हात पुढे केला.