लाल मोटारीची मळणी

वेगवान मोटार आणि काटकसरी मोटार यांच्या कामगिरीची तुलना शास्त्रशुद्ध पद्धतीने, शांत डोक्याने आणि मोकळ्या रस्त्यावर करावी. मी ती धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी, नवरदेवाला शेजारी बसवून केली.

लग्न आळंदीला, मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा. व्याही कडक. "मुहूर्त चुकला तर आमची बस परत फिरेल," असं त्यांनी दोनदा बजावलेलं. वऱ्हाड त्या बसने पुढे गेलं. नवरदेवाला मात्र मी हट्टाने आकुर्डीत ठेवून घेतलं. कारण कंपनीच्या मोठ्या साहेबांची मोटार मी एका दिवसासाठी मागून आणली होती: परदेशी, लाल, दोनच आसनांची, उघड्या टपाची आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच!

आमच्या वडिलांची, म्हणजे नानांची, मोटार करडी आणि तिसऱ्या हाताची. (उतार दिसला की नाना इंजिन बंद करत. तेवढंच पेट्रोल वाचतं!)

"तुमच्या डबड्यातून नवरदेव नेला तर कंपनीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही," मी म्हणालो.

"मग कुणी सांगितलंय दाखवायला?" असं म्हणून नाना आई, मावशी, नवरी शैला आणि रुखवताच्या टोपल्या घेऊन निघालेसुद्धा.

मी मुद्दाम वीस मिनिटं उशिरा निघालो. मोशीच्या अलीकडे त्यांना मागे टाकलं, वर हॉर्नही वाजवला.

"कसं वाटतंय, सुधाकरराव?"

"मुंडावळ्या तोंडात जाताहेत," नवरदेव म्हणाले.

पुढच्या वळणावर अख्ख्या डांबरी रस्त्यावर वाळलेला हुलगा अंथरलेला. आमच्याकडे ही पद्धतच आहे. येणारी-जाणारी वाहनं फुकट मळणी करून देतात. "या वेगात कळणारसुद्धा नाही!" म्हणत मी गाडी घातली. पन्नास पावलांत तिने तो हुलगा पोटाखाली गोळा केला, चाकांच्या कण्याला गुंडाळला आणि धूर सोडून बसली.

बाभळीखालून एक म्हातारेबुवा धावत आले. मला वाटलं, मारणार.

"थांबलात का? हाणा की अजून दोन चकरा! टरक वरनं जात्यात, दाणं तसंच ऱ्हात्यात. तुमची बसकी हाय, झ्याक मळती!"

"अहो, आमचा मुहूर्त आहे!"

"आमचाबी हाय. उद्या बाजार."

उरली अठरा मिनिटं. मी गाडीखाली पालथा पडून हुलगा उपटतोय. वर नवरदेव रडवेले: "दादा, चालत किती आहे हो?" तेवढ्यात मागून नानांची गाडी अजिबात आवाज न करता येऊन थांबली. (उतार होता.)

"जावईबापू, आत या," नाना म्हणाले.

"आत?" मावशी कडाडली. "अंतरपाट धरायच्या आधीच शेजारी बसवता?" मग तीच वधूवरांच्या मध्ये बसली. इतका भक्कम अंतरपाट आमच्या कुळात झालेला नाही.

"आणि मी?"

"तू थांब. साहेबांची गाडी आहे."

डबडं हुलग्यावरून डुलत डुलत निघून गेलं.

दुपारी तीनला, म्हातारेबुवांच्या बैलगाडीमागे लाल मोटार बांधून मी मांडवात पोचलो. समोर व्याही चौथा लाडू खात होते. नाना चार मिनिटं राखून पोचले होते आणि लग्न मुहूर्तावर लागलं होतं! कानपिळीला नवरीचा भाऊ हजर नव्हता, म्हणून नवरदेवाचा कान मावशीने पिळला होता. तो कान अजून साहेबांच्या गाडीच्या रंगाचा होता.

"जेवलास का?" नानांनी विचारलं.

मळणीबद्दल म्हातारेबुवांनी दोन पायल्या हुलगे दिले होते. दुसऱ्या दिवशी मोटारीबरोबर ते मी साहेबांना नेऊन दिले. गाडी त्यांची होती.